बंद घराचे कुलूप उघडताना

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 

कार्यकारिणीने मला 'धम्म आणि आजची पिढी' असा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते या मालेत आहेत. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन आज मी एका घराविषयी बोलणार आहे. हे घर रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, एका बौद्धवाडीत आहे. ते माझ्या थोरल्या चुलत्यांचे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. हे घर तेरा वर्षे बंद होते. ते उघडण्याचा प्रसंग का आला, आत काय सापडले आणि काय सापडले नाही, एवढेच सांगायचे आहे. त्यातून धम्माचे आणि आजच्या पिढीचे जे निघेल ते आपण काढावे.

आपल्यापैकी बहुतेकांची गावे कोकणात आहेत. वाडीत गेल्यावर काय दिसते ते आपणांस ठाऊक आहे. निम्म्याहून अधिक घरांना कुलूप. अंगणात रान वाढलेले, जोत्याचे चिरे सुटलेले, पायरीवर शेवाळ. ज्या पिढीने ही घरे बांधली ती पिढी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत राबली. पगारातून मनिऑर्डर करून, पै पै साठवून त्यांनी मातीच्या भिंती उभ्या केल्या आणि गवताच्या छपराच्या जागी कौले घातली. पुढची पिढी मुंबईतच राहिली. त्यानंतरची दिवा, विरार, नालासोपारा येथे गेली. म्हातारी माणसे होती तोवर चूल पेटत होती. ती गेली आणि घराला कुलूप लागले.

तात्यांची हकिकत याहून निराळी नाही. ते कोवळ्या वयात मुंबईला गेले, गिरणीत लागले, आणि बी.डी.डी. चाळीतील एका खोलीत दहा-बारा गाववाल्यांबरोबर राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून तात्या गावी परतले ते कायमचेच. पुढे ते वारले. चुलती २००९ साली गेली. त्या दिवसापासून घर बंद.

हे घर २०२२ च्या मे महिन्यात उघडले ते एका मुलीसाठी. तात्यांची नात बारावीत, विज्ञान शाखेत जाणार होती. पुढील प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्याची वैधता लागते, हे येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. तिच्या वडिलांनी स्वतःचा दाखला कधी काढलाच नव्हता. खासगी नोकरीत त्यांना तो लागला नाही. कार्यालयात सांगण्यात आले की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. ही तारीख विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. अनुसूचित जातींविषयीचा संविधानातील आदेश त्या दिवशी निघाला. १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तरी मूळ तारीख तीच राहिली. म्हणून आपली जात आणि आपले राहण्याचे ठिकाण दाखविणारा त्या दिवसापूर्वीचा कागद लागतो. तो वडिलांचा, आजोबांचा किंवा वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचा असावा लागतो.

तात्यांचे नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात सापडेना. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्याही पाहिल्या. जुन्या नोंदींत आडनाव नसते. अमुक बिन तमुक एवढेच असते. एका नावाची तीन-तीन माणसे निघाली. दोन खेपा फुकट गेल्या. तेव्हा ती मुलगी मला म्हणाली, "अण्णा आजोबा, गावचं घर कोणी उघडून पाहिलंय का?" कोणीच उघडले नव्हते. मी चाळीस वर्षे शिक्षकी केली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

किल्ली शेजारच्या आजींकडे होती. त्यांनी ती लगेच दिली नाही. म्हणाल्या, "चावी हाय माज्याकडं. पर घरातल्या सगळ्यांना इचारलंत काय? उद्या भांडान नको." त्यांचे म्हणणे रास्त होते. तात्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी. घर गावठाणात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला अजून तात्यांचेच नाव. कौले परतायला पैसे काढायचे म्हटले की कोणी पुढे येत नसे, आणि नाव लावायचे म्हटले की कोणी मागे हटत नसे. हेही आपल्याला अपरिचित नाही. आम्ही तेथूनच सर्वांना फोन लावले. सर्वांनी होकार दिला. पुण्याच्या बहिणीने मात्र एक अट घातली, "उघडा, पण आईच्या वस्तू उधळू नका."

कुलूप गंजले होते. तेल सोडून अर्धा तास थांबलो. दार फुगून बसले होते, ते खांद्याने रेटावे लागले. आत पाऊल टाकण्यापूर्वी काठी आपटली, कारण आमच्या भागात फुरसे फार, आणि बंद घर हे त्याचे आवडते ठिकाण. सकाळची वेळ होती. ओटीवर चांगलाच उजेड होता, पण तो उजेड दारातून आलेला नव्हता. वर पाहिले तर छप्परच नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. मंडणगड आणि दापोली तालुक्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. त्या वेळी टाळेबंदी होती. मुंबईची माणसे गावी सहज येऊ शकत नव्हती. ज्यांची माणसे घरात होती त्यांनी ताडपत्री घातली, पत्रे चढवले. ज्या घरांना कुलूप होते त्यांच्याकडे कोण पाहणार? तात्यांच्या घराचे अर्धे छप्पर गेले आणि पुढचे दोन पावसाळे थेट माजघरात पडले. मागची मातीची भिंत बसली होती. स्वयंपाकघरात चुलीच्या जागी वारूळ उभे होते. जाते जागच्या जागी होते, पण वरची तळी चिखलात रुतलेली.

माजघराच्या उरलेल्या भिंतीत एक कोनाडा होता. पूर्वी घरातले देव तेथे असत. चुन्याचे पापुद्रे सुटले होते. तळाला जुन्या दिव्याची काजळी आणि हळदी-कुंकवाचे डाग, त्यावर चुन्याचा थर, त्यावर निळीचा थर, आणि सर्वांत वर दोन खिळे. त्या खिळ्यांवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. ती मी लहानपणापासून पाहिलेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली हे आपण सर्व जाणतो. पण आमच्या वाडीत दीक्षा कशी आली, याची नोंद त्या कोनाड्यात होती. काजळी पुसायला वेळ न घालवता घरच्या बायकांनी तिच्यावर चुना फिरवला होता. आणखी एक पावसाळा गेला असता तर ती भिंतही बसली असती.

माळ्यावर एका कोपऱ्यात कौले शाबूत होती. त्याखाली दोन फळ्यांवर पत्र्याची ट्रंक होती. तात्यांनी ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवली होती, म्हणून वाळवी सहज पोहोचली नाही. एका पायाने मात्र ती चढली होती. ट्रंक अंगणात आणली. नातीने वही घेतली आणि एकेक वस्तू निघेल तशी ती लिहीत गेली. मी नुसता पाहत होतो.

सर्वांत वर गिरणीचा बिल्ला आणि पगाराची काही पाकिटे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पुढे अर्ज करायची वेळ आली, तेव्हा वारसांजवळ गिरणीतील नोकरीचा पुरावा नव्हता, आणि आम्ही हळहळलो होतो. पुरावा माळ्यावर होता.

त्याखाली मनिऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी थोडी जागा असे. तात्या तेथे दोन ओळी लिहीत. चुलतीला वाचता येत नव्हते. पोस्टमन पैसे देऊन गेला की ती मला हाक मारी, आणि मी शाळकरी पोरगा त्या दोन ओळी तिला वाचून दाखवी. ती म्हणे, "परत वाच." मी परत वाची. मग ते कुपन ती पदराला बांधून घेई. पुढे त्यांचे काय होते, हे मला कधी कळले नव्हते. ती सगळी तिने जपून ठेवली होती. बहिणीला शब्द दिला होता, म्हणून आम्ही तो गठ्ठा सोडला नाही. तसाच फडक्यात बांधून तिच्याकडे पोहोचता केला.

मग एक वही निघाली. वाडीच्या वर्गणीची. दीक्षेनंतर वाडीत विहारासाठी वर्गणी जमवली गेली, तिचा हिशेब तात्यांनी ठेवला होता. सुरुवातीची पाने आण्यांत आहेत. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले. तेथून त्याच माणसांच्या नावापुढे चार आण्यांच्या जागी २५ न.पै. असे लिहिलेले आहे. मित्रहो, त्या वहीत बायकांची नावे स्वतंत्र लिहिली आहेत. अमक्याची बायको, तमक्याची आई असे नाही, तर तिचे स्वतःचे नाव आणि तिने दिलेली रक्कम. माझ्या आजीचे नाव मी कागदावर पहिल्यांदा तेथे पाहिले. शेतात मजुरी करणाऱ्या बाईने चार आणे दिले होते, आणि तिच्या मुलाने ते तिच्या नावावर मांडले होते.

सर्वांत खाली मेणकापडात गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला होता. लोकल बोर्डाच्या मराठी शाळेचा, १९४३ सालचा. तात्यांचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, रजिस्टरचा नंबर, सगळे होते. पण शाळा आमच्या गावची नव्हती. ती तात्यांच्या आजोळची होती. लहानपणी ते मामाकडे राहून शिकले, हे घरात कोणाला माहीतच नव्हते. आम्ही चुकीच्या गावी शोधत होतो. तो कागद घेऊन आम्ही त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर काढले, नंबर जुळला, उतारा मिळाला. तात्यांपासून नातीपर्यंतची वंशावळ जोडून अर्ज झाला. यथावकाश त्या मुलीच्या हातात वैधता प्रमाणपत्र आले. आज ती शिकते आहे.

येथपर्यंतची गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण मला पुढची गोष्टही सांगितली पाहिजे.

त्याच ट्रंकेत, ज्या बाजूने वाळवी चढली होती तेथे, एक जाड कागद होता. हात लावताच त्याची माती झाली. शिक्क्याचा एक कोपरा तेवढा उरला. तो आमच्या आजोबांच्या पलटणीतील कागद होता. आजोबा पलटणीत होते, असे आमच्या घरात सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. हा इतिहास पुस्तकांत आहे. पण त्यात आमचे आजोबा कोठे होते, किती वर्षे होते, कोठे गेले, कसे परत आले, हे सांगणारा कागद वाळवीने खाल्ला.

वाळवीला मी दोष देत नाही. १९८८ साली आमच्या स्वतःच्या घराची दुरुस्ती काढली होती. माळ्यावर माझ्या वडिलांचे गाठोडे होते. त्यात पत्रे होती, पावत्या होत्या, 'जनता' पत्राचे काही अंक होते. धूळ फार होती. मी ते गाठोडे न्हाणीच्या चुलीत घालायला सांगितले. त्यावर दोन दिवस आंघोळीचे पाणी तापले. मी शिक्षक होतो. वर्गात मुलांना इतिहास शिकवीत होतो. वाळवीला अक्षरे वाचता येत नाहीत. मला येत होती.

हे आपणांसमोर सांगण्याचे कारण एकच. असे करणारा मी एकटा नाही. येथे बसलेल्या अनेकांच्या घरी असे झाले असेल, आणि उरलेल्यांच्या घरी येत्या पावसाळ्यात होईल. आपल्या समाजाच्या नोंदी दुसऱ्यांनी ठेवल्या. खोताने ठेवल्या, पाटलाने ठेवल्या, सरकारने ठेवल्या. त्या नोंदींत आपण बिन अमुक म्हणून आहोत, कामाला बोलावलेला माणूस म्हणून आहोत. आपण स्वतः स्वतःविषयी जे लिहिले, ते या ट्रंकांत आहे. ते गेले की आपल्याजवळ फक्त दुसऱ्यांनी लिहिलेले उरते.

बाबासाहेबांना कागदाची किंमत पुरती माहीत होती. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. तरीही त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिले. त्यांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला तो १९७९ साली. त्यामागे वसंत मून यांचे अपार कष्ट आहेत. चां. भ. खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद, पत्रे, आठवणी गोळा केल्या आणि १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला. या माणसांनी वेळेवर कागद जपले नसते, तर आज आपण जयंतीला काय बोललो असतो? महापुरुषाच्या कागदांसाठी मून आणि खैरमोडे झाले. गिरणी कामगाराच्या ट्रंकेसाठी कोण होणार? त्याच्या नातवंडांनीच व्हायचे आहे.

म्हणून माझ्या संस्थेला काही सूचना आहेत. त्यांना पैसा फारसा लागत नाही.

पहिली गोष्ट, येत्या वैशाखापूर्वी प्रत्येक वाडीतील बंद घरांची यादी करावी. किल्ली कोणाकडे आणि वारस कोण, हे लिहावे. दुसरी, कोणाचेही कुलूप फोडू नये. सर्व वारसांची संमती घ्यावी, आणि उघडताना वाडीतील दोन जाणती माणसे समोर असावीत. तिसरी, सकाळी जावे, एकट्याने जाऊ नये, पायांत बूट असावेत, आणि झुकलेल्या भिंतीखाली किंवा कुजलेल्या वाशाखाली उभे राहू नये. कागदापेक्षा माणूस मोठा. चौथी, जे निघेल ते आधी वहीत लिहावे, मग हलवावे. ओला कागद उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर वाळवावा. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये. त्याने कागद वाचल्यासारखा दिसतो, पण पुन्हा मोकळा करता येत नाही. मोबाईलवर फोटो काढून त्याच्या प्रती निरनिराळ्या तीन ठिकाणी ठेवाव्यात. पाचवी आणि महत्त्वाची, मूळ कागद वारसांचे आहेत, ते त्यांनाच परत द्यावेत. कोणाची खासगी पत्रे सभेत वाचून दाखवू नयेत. आपल्या आई-आज्यांना आयुष्यभर आडोसा मिळाला नाही, तो निदान त्यांच्या पत्रांना मिळावा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम मी तुमच्यावर सोपवतो आहे. घर उघडून पाहावे, हे आम्हा ज्येष्ठांना सुचले नाही, ते सतरा वर्षांच्या मुलीला सुचले. तुमच्या आजी-आजोबांपैकी जे हयात आहेत त्यांना या सुट्टीत एवढेच विचारा, "तुम्ही कोणत्या शाळेत होता? कोणाकडे राहून शिकलात?" त्या एका उत्तराने कदाचित तुमच्या घरातील दहा जणांचे काम होईल.

आता त्या घराचे काय झाले ते सांगून थांबतो. धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात एक दृष्टान्त आहे. ज्या घराचे छप्पर नीट शाकारलेले नाही त्यात पाऊस शिरतो, आणि ज्या चित्ताला वळण लावलेले नाही त्यात विकार शिरतात. लहानपणापासून मी तो ऐकत आलो. पण आपण कोकणातली माणसे. शाकारणी एकदा करून भागत नाही, मृग लागण्यापूर्वी दर वर्षी करावी लागते, हे भगवंतांच्या श्रोत्यांप्रमाणेच आपल्यालाही सांगायला नको. त्या अंगणात, मोकळ्या छपराखाली ट्रंक ठेवताना, मला तो दृष्टान्त चित्तापुरता राहिला नाही. समाजाच्या स्मृतीलाही दर वर्षी शाकारावे लागते. एक वर्ष चुकले की पाणी आत येते, आणि आत काय भिजले हे कुलूप उघडेपर्यंत कळत नाही.

तात्यांचे संपूर्ण घर उभे करण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. चारही भावंडांनी आणि आम्ही मिळून वर्गणी काढली आणि माजघरापुरते पत्रे घातले, म्हणजे कोनाड्याची ती भिंत वाचली. तेवढ्यानेही एक झाले. ज्या भावंडांचे नाव लावण्यावरून बोलणे बंद होते, ती वर्गणीच्या निमित्ताने एका अंगणात बसली. हिशेब नातीने लिहिला, तात्यांच्या त्याच वहीत, उरलेल्या कोऱ्या पानावर. प्रत्येकाचे नाव स्वतंत्र आणि पुढे रक्कम. पहिले नाव किल्ली सांभाळणाऱ्या आजींचे आहे. त्यांनी पन्नास रुपये दिले. आम्ही घेत नव्हतो, तर म्हणाल्या, "माजंबी नाव लिवा."



नमो बुद्धाय! जय भीम!